शनिवारची वस्तीची गाडी

बेळगावात पावसाळा संपला असे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. गणपती जातात, नवरात्र जाते, तरी एखादी चुकार सर दिवाळीच्या आकाशकंदिलावर येऊन पडतेच. मग कार्तिकातल्या एखाद्या पहाटे वडील माग सुरू करण्यापूर्वी कानाला मफलर गुंडाळताना दिसतात, गल्लीच्या टोकाचा दिवा धुक्यात पिवळट होतो, आणि आमच्या घरात माझ्याविषयीची वार्षिक कुरबूर सुरू होते. आता शिवरात्रीपर्यंत हा मुलगा शनिवारी दुपारी पाठीला पिशवी लावून जाणार आणि रविवारी रात्री पायाला काटे घेऊन परतणार, हे सर्वांना ठाऊक असते.

कुरबुरीला कारणही तसेच आहे. वडगावात ज्यांच्या घरी माग आहे त्यांच्या घरी रविवार नावाचा वार नसतो. वीज आहे तोवर माग चालवायचा आणि ज्याचे हात मोकळे असतील त्याने कांड्या भरायच्या. माझे मोकळे हात शनिवार-रविवारीच नेमके डोंगरावर जातात. वडिलांनी मला कधी "जाऊ नको" म्हटले नाही. ते फक्त विचारतात, "डोंगरावर काय ठेवलंय?" या प्रश्नाला अजून तरी मला बरे उत्तर सुचलेले नाही. शेवटी आमचा एक अलिखित करार झाला. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी पहाटे मिळून दोन दिवसांच्या कांड्या भरून टोपलीत ठेवायच्या, मग जायचे. गेल्या तीन हिवाळ्यांतल्या माझ्या सर्व मोहिमांची सुरुवात अशी कांड्यांच्या टोपलीपासून झालेली आहे.

साहस म्हटले की आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिमालय उभा राहतो. उत्तरकाशीच्या संस्थेतले गिर्यारोहणाचे शिक्षण, बर्फातली कुऱ्हाड, दोर, काळा चष्मा घालून काढलेला फोटो! ते सारे थोरच आहे. पण त्याला पैसे लागतात आणि सलग महिनाभराची रजा लागते. आमचे डोंगर बसच्या तिकिटाइतके स्वस्त. उंचीची फुशारकी मात्र येथे मारता येत नाही. बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले. त्यामुळे तीन हजार फुटांचा डोंगर आपल्या बाजूने पाहिला तर टेकाडासारखा दिसतो. त्याच डोंगराच्या पश्चिम कड्यावर जाऊन उभे राहिले म्हणजे तो किती उंच आहे ते कळते. तिथे जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण पसरलेले असते. सह्याद्री हा आपल्याला पायरी आणि कोकणाला भिंत आहे.

राजहंसगडाविषयी मी फार लिहीत नाही. येळ्ळूरचा हा गड म्हणजे आम्हा बेळगावकरांची अंगणातली टेकडी. आता वरपर्यंत रस्ता आहे, २०२३ साली शिवरायांचा भव्य पुतळा तिथे उभा राहिला, आणि रविवारी गडावर माणसे आणि गाड्या दोन्ही मावत नाहीत. पायांची सवय करून घ्यायला नोव्हेंबरातली एक पहाट तिथे घालवावी, सिद्धेश्वराचे दर्शन घ्यावे, पूर्वेला उजाडताना पाहावे आणि नऊच्या आत घरी येऊन कांड्या भरायला बसावे.

खरा मुलूख चंदगडचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. त्या नोव्हेंबरात बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात. कागदावर रेघ पडली, पण चंदगडचा माणूस बाजाराला, दवाखान्याला आणि कॉलेजला अजूनही बेळगावलाच येतो. आम्ही उलट दिशेने जातो एवढेच. शिनोळीपाशी पाट्यांची लिपी बदलते, गाडीतल्या बोलण्याची भाषा मात्र बदलत नाही. या तालुक्यातल्या गडांची एक गंमत अशी की त्यांच्यावर माणसे राहतात. महिपाळगडावर गाव आहे, गंधर्वगडावर गाव आहे, पारगडावर गाव आहे. इतरत्र गड पाहायचा म्हणजे पडके बुरूज आणि निवडुंग; इथे दरवाजातून आत शिरावे तो वासरू बांधलेले असते आणि एखादी म्हातारी सुपात नाचणी पाखडत "कुठनं आला रं पोरानो?" असे विचारते. महिपाळगडाला जाताना देवरवाडीच्या वैजनाथाच्या जुन्या देवळात थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. भर दुपारीसुद्धा त्या दगडी मंडपात अंगावर गारवा येतो.

आमची टोळी तिघांची. मी एक. दुसरा माझा कानडी मित्र, सौंदत्तीकडचा, काळ्या मातीतला. त्याच्या मुलखात क्षितिजापर्यंत ज्वारी. डोंगर त्याने प्रथम पाहिला तो यल्लम्माचा. त्याचे मराठी ऐकण्यासारखे आहे. "माझी पाय दुखतो" असे तो म्हणाला की आम्हाला चढण सोपी वाटू लागते. माझे कानडी "स्वल्प स्वल्प बरतद" या पायरीवर तीन वर्षे बसून राहिले आहे, त्यामुळे हसण्याचा अधिकार वास्तविक त्याचाच. थंडीला मात्र दोघेही थंडीच म्हणतो. तेवढा तरी शब्द सरकारने वाटून घेतलेला नाही! तिसऱ्याविषयी पुढे सांगतो. तो या लेखाचे खरे कारण आहे.

पारगडची रात्र आधी सांगितली पाहिजे. पाटण्याच्या फाट्यावरून इसापूरकडे जाणारी गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर अकरा नंबरची. आम्हाला गाडी मिळाली नाही. पौषातली पौर्णिमा दोन दिवसांवर होती म्हणून चालत निघालो. दोन्ही बाजूंना रान, मध्ये पांढरा रस्ता, आणि तोंडातून वाफ. कानडी मित्राने गव्याविषयी फार ऐकले होते, तो रस्त्याच्या बरोबर मधून चालत होता. पायऱ्या चढून गडावर पोहोचलो तेव्हा गाव झोपलेले. भवानीच्या देवळाच्या ओसरीवर अंथरुणे टाकली. अंथरुणे म्हणजे एक सतरंजी, दोन चादरी आणि आमच्या आजोबांची घोंगडी. तीन माणसांना एक घोंगडी पुरवण्याचे जे शास्त्र आहे ते कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. मधल्याने सुखी व्हावे आणि कडेच्या दोघांनी रात्रभर एकमेकांच्या विरुद्ध ओढावे, असा त्याचा सारांश.

पहाटे एका आजोबांनी उठवले. आमच्याकडे पाहून ते काही बोलले नाहीत. घरी घेऊन गेले आणि चुलीपुढे बसवले. चहा झाला, मग भाकरी झाली, मग गोष्ट झाली. शिवाजी महाराजांनी १६७६ साली हा गड उभारला, तानाजींचे चिरंजीव रायबा यांना किल्लेदार केले, आणि सूर्यचंद्र आहेत तोवर गड जागता ठेवा अशी आज्ञा केली, ही कथा आम्ही पुस्तकात वाचलेली होती. मालुसऱ्यांचे वंशज आजही तिथे राहतात हेही वाचलेले होते. पण आजोबा ती आज्ञा काल मिळाल्यासारखी सांगत होते. त्यांची दोन मुले मुंबईला, एक गोव्यात. "आज्ञा एकाला तरी पाळाय पायजे न्हवं," ते म्हणाले, "म्हणून मी ऱ्हायलो." आम्ही निघताना त्यांनी आमच्या पिशव्यांत घरचे काजू घातले आणि पैसे काढले तेव्हा रागावले. त्या दिवशी तटावरून कोकण पाहत बसलो असताना कानडी मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या गावात सगळे बाहेर जातो म्हणतात. इथे एक माणूस राहतो म्हणतो."

नवख्यांसाठी दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतेच. हिवाळ्यात वाळलेले गवत पावसाळ्यातल्या शेवाळापेक्षा अधिक घसरते. उतरताना टाच रोवून आणि पाय थोडा आडवा टाकून उतरावे. ढोरवाट नेहमी पाण्याकडे किंवा गावाकडे जाते, पण मध्ये तिला पंचवीस फाटे फुटतात, म्हणून सर्वांत जास्त शेण असलेली वाट धरावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो आणि रानात त्याच्या आधी अर्धा तास अंधार होतो. चारनंतर नवी वाट शोधू नये. मधाची पोळी असलेल्या कड्याखाली विडी ओढणाऱ्या मित्राला सोबत नेऊ नये. जेवणाचे म्हणाल तर चपाती, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग यांवर माणूस दोन दिवस उत्तम चालतो. कुंदा न्यावा, पण वरच्या टोकाला पोहोचेपर्यंत कोणाला सांगू नये.

आता तिसरा. तो खानापूर तालुक्यातला, भीमगड अभयारण्याच्या आत असलेल्या एका गावचा. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वसतिगृहात राहतो, शनिवारी दुपारी वस्तीच्या गाडीने जातो, गाडी जिथे मुक्काम करते तिथून पुढे जवळजवळ आठ किलोमीटर चालतो आणि घरी पोहोचतो. पहिल्या वर्षी मी त्याला मोठ्या उत्साहाने म्हटले होते, "चल, तुला जंगलातून चालायला नेतो." त्याने माझ्याकडे जे पाहिले ते मला अजून आठवते. "मी दर आठवड्याला चालतो," तो म्हणाला, "दप्तर घेऊन."

त्याच्या घरी आम्ही दोन हिवाळे जात आहोत. चौकीवर त्याने पाव्हणे म्हणून आमची नावे लिहून द्यायची, आणि आम्ही त्याच्यामागून मुकाट चालायचे. भीमगडाच्या सुळक्यावर चढण्याची आम्हाला फार हौस. पण २०११ च्या डिसेंबरात हे सारे रान अभयारण्य झाले, वनखात्याच्या परवानगीशिवाय गडावर जाता येत नाही, आणि मित्राच्या घरच्यांना आमच्यापायी ताप नको म्हणून आम्ही कधी हट्ट धरला नाही. वाटेवरच पाहण्यासारखे इतके असते की गडाची आठवणही राहत नाही. धनेश पक्षी डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज एखाद्या जुन्या भात्यासारखा येतो. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेते तेव्हा फांदी आधी वाकते आणि मग ते दिसते. याच रानात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे राहणारे एका जातीचे वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडलेले आहे, असे आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितले तेव्हा मित्र म्हणाला, "असेल. आमची आजी त्याला पाकोळीच म्हणते." अस्वलाचे भय मात्र खरे. दिवेलागणीनंतर तो वाटेने मोठ्याने बोलत चालतो, आणि बोलण्यासारखे काही उरले नाही की सेमिस्टरचा अभ्यास म्हणतो. रसायनशास्त्राची सूत्रे ऐकून अस्वल बाजूला होते, हा त्याचा अनुभव आहे.

एक गोष्ट मला या वाटेवर कळली. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे निघते, सौंदत्तीच्या धरणात साठते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. तिच्यापासून फार दूर नाही अशा या भीमगडच्या रानातून म्हादई निघते ती पश्चिमेकडे जाते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीला समुद्र गाठते. म्हणजे आमच्या टोळीतला एक मित्र पूर्वेकडच्या पाण्यावर वाढला आणि दुसरा पश्चिमेकडच्या. म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवावे म्हणून सौंदत्ती, नरगुंद, नवलगुंदकडचे शेतकरी कित्येक वर्षे मागणी करीत आहेत. गोव्याचा विरोध आहे. लवादाने २०१८ च्या ऑगस्टात निवाडा दिला तरी भांडण मिटलेले नाही. कणकुंबीला कानडी मित्र त्या लहानशा कुंडाकडे पाहत उभा राहिला. "आमचा सगळा कालवा एवढ्यातून?" त्याने विचारले. दुसऱ्याने काही उत्तर दिले नाही. त्या विषयावर दोघे कधी भांडले नाहीत, आणि मीही उगीच काडी टाकली नाही.

यंदाच्या डिसेंबरात गेलो तेव्हा घरात वातावरण वेगळे होते. अंगणात शेकोटी पेटलेली, भोवती गावातली सात-आठ वडीलधारी मंडळी, आणि मध्ये पाटावर पितळी तांब्याखाली दाबून ठेवलेले काही कागद. अभयारण्यातल्या गावांनी स्वेच्छेने बाहेर यावे, कुटुंबामागे १५ लाख रुपये मिळतील, अशी सरकारची योजना आहे. तळेवाडीच्या कुटुंबांनी २०२५ साली ती स्वीकारली. आता शेजारच्या गावांत तीच चर्चा आहे. कागद कानडीत होते. गावातल्या शाळेत सर्वजण मराठी शिकलेले. कोणी म्हणे यात सही केली की जमीन गेली, कोणी म्हणे नाही केली तरी जाणार. मित्राच्या वडिलांनी आमच्याकडे पाहिले आणि कानडी मित्राला म्हणाले, "पाव्हणं, तुमी वाचा. तुमच्या तोंडातनं आलं की आमी मानू."

तो पुढे सरकला. टॉर्च मी धरली. एक एक ओळ तो कानडीत वाचायचा, थांबायचा, आणि मग आपल्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचा. एरवी त्याच्या प्रत्येक वाक्याला हसणारे आम्ही त्या रात्री हसलो नाही. "कुटुंब" या शब्दावर तो बराच अडला. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरायचा की नाही, हा प्रश्न निघाला. तो पुन्हा मागच्या पानावर गेला, पुन्हा वाचले. ज्याचे उत्तर कागदात नव्हते तिथे त्याने स्पष्ट सांगितले, "हे इथे लिहिला नाही. ऑफिसात विचारा." मला वाटते सर्वांचा त्याच्यावर विश्वास बसला तो तेव्हाच.

मग बोलणी सुरू झाली. मित्राच्या वहिनी दाराआड उभ्या होत्या, त्या बाहेर आल्या. त्यांना सातवा महिना. "पावसात मला डोलीतनं न्यायची पाळी आली तर?" एवढेच त्या म्हणाल्या. यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. पावसाळ्यात ओढा चढला की गाव चार-चार दिवस तुटते हे सर्वांनाच माहीत. थोरला भाऊ म्हणाला, पैसे बरे आहेत, खानापुरात जागा घेऊ. एक काका म्हणाले, पैशाने जागा येईल, भात कुठे लावणार? आजी चुलीपाशी होत्या. त्या कोणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. कुळथाची आमटी आणि भात वाढताना त्यांनी कानडी मित्राच्या ताटात तूप दोनदा घातले. मित्र सारा वेळ शेकोटीत काटक्या सारत होता. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच, आणि त्याचे मत कोणी विचारले नाही. किंवा विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, हे मला आजही माहीत नाही. तो बाहेर पडला तर त्याला आठ किलोमीटर चालावे लागणार नाही. आणि पडला तर शनिवारी जायचे कुठे?

त्या रात्री आम्ही माळ्यावर गवतावर झोपलो. दूर कुठेतरी भेकर ओरडत होते. पारगडच्या आजोबांची मला आठवण झाली. त्यांना कोणी आज्ञा केली होती. इथे या माणसांना कोणीच काही आज्ञा केलेली नव्हती, तरी ती राहिली होती.

सकाळी आजींनी आम्हा तिघांना हाक मारली. कागदात घराचा रकाना होता, जमिनीचा होता. झाडांविषयी काय ते कोणाला नीट कळले नव्हते. आजींचे म्हणणे, सही करायची की नाही ते पोरे ठरवतील, पण झाडे मोजून ठेवा, उद्या कोणी नाही म्हणायला नको. मी वही काढली. घरामागच्या उतारावर आजी काठी टेकत पुढे, आम्ही मागे. अडुसष्ट वर्षांच्या म्हणे. त्या उतारावर आमची दमछाक झाली आणि त्या बोलत होत्या. काजू एकतीस. फणस सात, पैकी दोन कापे, पाच बरके. आंबे चार, त्यातला एक वीज पडलेला, पण तोही लिहायला लावला. सुपारी परसात नऊ. हिरडा, जांभूळ, कोकम यांची नावे मित्र सांगत गेला आणि कानडी मित्र शेजारी कानडीत लिहीत गेला. ऑफिसात वाचता आले पाहिजे, असे तो म्हणाला. एका एका झाडापाशी आजी थांबत. हे कोणी लावले, त्या वर्षी पाऊस किती झाला, कोणते मूल तेव्हा पोटात होते. वहीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी समासात थोडेथोडे लिहिले.

उताराच्या अगदी टोकाला, ओढ्याच्या वर, आणखी एक फणस होता. जुना, बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. मी "फणस आठ" असे लिहू लागलो तेव्हा आजींनी काठी माझ्या वहीवर आडवी ठेवली. "त्यो नको लिवू," त्या म्हणाल्या. "त्यो आमचा न्हवं. देवाचा हाय."

कानडी मित्राने आपल्या कागदावर आठाचे सात केले. मीही सातच ठेवले. दुपारच्या गाडीला अजून आठ किलोमीटर होते. आजींनी बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या घेतल्या आणि आम्ही निघालो.